तीन वाड्या, तीन वेगळे मेश. जोडायला आपलंच स्टँडर्ड लिहायचं का?

कातळावरचा

नमस्कार मंडळी. संगमेश्वर तालुक्यातून लिहितोय. गाव म्हणजे तीन वाड्या, मधे एक पऱ्या (ओढा) आणि एक सडा (कातळाचं पठार). मोबाईलची रेंज सड्यावर मिळते, खाली वाडीत उतरलं की गायब. आम्ही काही पोरांनी मागे जुने राउटर गोळा करून त्यात ओपनडब्ल्यूआरटी (राउटरचं मोफत, खुलं सॉफ्टवेअर) टाकलं आणि आमच्या वाडीत बॅटमॅन-अ‍ॅडव्हवर मेश केला, म्हणजे राउटरच एकमेकांना बिनतारी जोडून डेटा पुढे पुढे देतात. त्यावर एक छोटा सर्व्हर आहे, किविक्सवरचा (इंटरनेटशिवाय वाचायचा) मराठी विकिपीडिया, शाळेची पुस्तकं, नळाला पाणी सोडायच्या वेळा, भजनाची रेकॉर्डिंग असं काय काय. इंटरनेट बंद असलं तरी हे चालतं, आणि खरं सांगायचं तर लोकं हेच जास्त वापरतात.

मग पऱ्यापलीकडच्या वाडीने पण केलं, पण त्यांनी व्हिडिओ बघून डायरेक्ट ८०२.११एस (वाय-फायमधलंच मेशचं स्टँडर्ड) लावलं. आणि तिसऱ्या वाडीला मुंबईच्या मंडळाने दुकानातला तयार मेशचा संच घेऊन दिला, पांढरे डबे, अ‍ॅपवरून चालतो, आत काय चाललंय ते काही दिसत नाही. तिघांचं एकमेकांशी अजिबात जुळत नाही, त्यात तिघांचे आयपी पत्ते १९२.१६८.१ नेच सुरू होतात. फायबर फक्त एका वाडीत आलंय, आणि गणपतीत चाकरमानी आले की त्या एका फायबरवर सगळं गाव लटकतं.

आमच्यातला एक जण इंजिनिअरिंगला आहे, त्याचं म्हणणं आपण आपलंच ओपन स्टँडर्ड लिहूया, प्रोटोकॉलसकट (राउटरनी एकमेकांशी कसं बोलायचं त्याचे नियम), म्हणजे उद्या शेजारची गावं आली की त्यांच्या हातात तेच द्यायचं. ऐकायला भारी वाटतं पण मला शंका आहे. असं कुणी केलंय का? करायचं तर सुरुवात कुठून? आणि नाही करायचं तर हे तीन डोक्याचं जनावर एकत्र नांदवायचं कसं?

बिनतारी

प्रोटोकॉल लिहू नका. तुमच्या मित्राचा उत्साह मोडायचा नाहीये, पण हे काम वीस वर्षं लोकांनी केलंय आणि त्यातून जे टिकलं ते फुकट पडलंय वापरायला.

थोडा इतिहास सांगतो कारण त्यातच उत्तर आहे. ओएलएसआर नावाचा मेश राउटिंग प्रोटोकॉल २००३ मध्ये आयईटीएफ या इंटरनेटची स्टँडर्डं ठरवणाऱ्या संस्थेचा आरएफसी (जाहीर दस्तऐवज) म्हणून आला, नंबर ३६२६. बर्लिनच्या फ्रायफुंकवाल्यांनी (लोकांनीच चालवलेलं मोफत वाय-फाय नेटवर्क) तो गच्च्यांवरच्या राउटरवर चालवून बघितला, आणि नोड (जाळ्यातले राउटर) वाढायला लागले तसा तो धापा टाकायला लागला, कारण त्यात प्रत्येक नोडने अख्ख्या नेटवर्कचा नकाशा आपल्याकडे ठेवायचा आणि तो सारखा मोजत बसायचा. तेव्हाच्या राउटरचा प्रोसेसर म्हणजे काय सांगायचं. म्हणून २००६ च्या सुमारास त्यांच्यातल्याच लोकांनी बॅटमॅन लिहायला घेतला, त्याची कल्पना अशी की नोडला पूर्ण नकाशा माहीत असायची गरजच नाही, त्या दिशेला जायचं तर पुढचा शेजारी कोण एवढं कळलं की बास. तोच पुढे बॅटमॅन-अ‍ॅडव्ह होऊन २०११ ला लिनक्स कर्नलमध्ये गेला, जो आज तुमच्या वाडीत चालतोय. दुसरीकडे बेबेल हा राउटिंग प्रोटोकॉल आला, २०११ ला प्रायोगिक आरएफसी आणि २०२१ ला पक्का स्टँडर्ड्स ट्रॅकवरचा, आरएफसी ८९६६. ओएलएसआरची दुसरी आवृत्ती २०१४ ची. ८०२.११एस हे आयईईई या इंजिनिअरांच्या संस्थेचं, तेही २०११ चं.

म्हणजे स्टँडर्डची कमतरता नाहीच. उलट एवढी झालीत की तुमच्या तीन वाड्यांनी तीन वेगळी उचलली.

आता मुद्द्याचं. प्रत्येक वाडीच्या आत काय चालतंय ते तसंच राहू दे. बॅटमॅन-अ‍ॅडव्ह लेयर २ वर चालतो, म्हणजे अख्खी वाडी एका मोठ्या स्विचला जोडल्यासारखी दिसते. ८०२.११एस पण लेयर २ च. हे दोन एकमेकांत मिसळायच्या भानगडीत पडू नका, ब्रिज करून (थेट एकत्र जोडून) टाकाल तर एका वाडीतला सगळा ब्रॉडकास्ट (सगळ्यांना उद्देशून जाणारा डेटा) दुसरीत ओतला जाईल आणि लूप झाला, म्हणजे डेटा गोल गोल फिरत राहिला तर शोधताना रडाल. त्याऐवजी प्रत्येक वाडीच्या काठावर एक राउटर ठेवा, तो आतल्या बाजूला वाडीची भाषा बोलेल आणि बाहेरच्या बाजूला फक्त बेबेल. तो शेजाऱ्याला एवढंच सांगणार की माझ्यामागे अमुक अमुक पत्ते आहेत आणि माझ्यापर्यंतची लिंक अशी अशी बरी आहे. लिब्रेमेश म्हणून एक फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) आहे, अर्जेंटिनातल्या अल्टरमुंडीच्या लोकांचा त्यात मोठा हात आहे, ते साधारण हेच करतं, जवळजवळचे नोड बॅटमॅनवर आणि लांबचे तुकडे जोडायला लेयर ३, म्हणजे आयपी पत्त्यांवरून वाट काढणं. त्यांनी तर पुढे जाऊन लिब्रेराउटर नावाचा स्वतःचा राउटरच बनवला, कारण बाजारातल्या राउटरवर आपलं फर्मवेअर टाकणं कंपन्या दरवर्षी अवघड करत चालल्या होत्या.

पांढऱ्या डब्यांबद्दल. दुकानातल्या मेशसाठी वाय-फाय अलायन्सचं ईझीमेश नावाचं स्टँडर्ड २०१८ पासून आहे, पण ते एका घराचा, एका मालकाचा विचार करून केलंय, मधे एक कंट्रोलर आणि बाकीचे त्याच्या हुकमात. आणि तुमचे डबे ते तरी पाळतात का हे खोक्यावर बघा, बरेच कंपनीचं आपलं आपलंच काहीतरी चालवतात. त्यांच्याशी वाद न घालता त्यांच्या पुढे एक ओपनडब्ल्यूआरटीचा राउटर लावा. डबे त्याच्यामागे साधे अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून राहतील.

कातळावरचा

बिनतारीदादा, खूप आभार, काठावरचा राउटर ही गोष्ट डोक्यात बसली. पण आयपीचं काय, तिघांचे सारखेच आहेत ते कुणी बदलायचे यावरून आत्ताच ग्रुपवर वाजलंय. प्रत्येकाचं म्हणणं दुसऱ्याने बदलावे 😅

बर्लिनकर

हा वाद बघून एकदम घरी आल्यासारखं वाटलं. मी मूळची साताऱ्याची, आता बर्लिनमध्ये असते आणि इथल्या फ्रायफुंकच्या मीटिंगना अधूनमधून जाते. जर्मनीतल्या शहरांनी पण हेच करून ठेवलेलं, प्रत्येकाने १०. ने सुरू होणाऱ्या पत्त्यांमधला मनाला येईल तो तुकडा घेतला आणि मग शहरं आपसात व्हीपीएनने (इंटरनेटवरून केलेली खाजगी लिंक) जोडायची वेळ आली तेव्हा लक्षात आलं की अमुकचे आणि तमुकचे पत्ते एकच. त्यावर उपाय काही हुशारीचा नव्हता, विकीवर एक तक्ता केला, कुठला तुकडा कुणाचा, आणि नवीन येणाऱ्याने आधी तिथे नाव घालायचं. बास. आजही तुम्हाला पहिलं स्टँडर्ड लिहायचं असेल तर तो तक्ता लिहा. तिघांनीही बदला, कुणीच जुना नंबर ठेवू नका, म्हणजे कुणी कुणापुढे वाकलं असं होणार नाही. आणि आयपीव्ही६ चे (नव्या, लांब पद्धतीच्या आयपीचे) लोकल पत्ते घेतलेत तर एफडी ने सुरू होणारा तुकडा प्रत्येक वाडीने रँडम काढायचा, त्याचा नियमच असा आहे की मधले ४० बिट रँडम हवेत, म्हणजे उद्या कुठलंही गाव जोडलं तरी टक्कर व्हायची शक्यता नसल्यात जमा. फक्त कृपा करून रँडम म्हणजे रँडम, एफडी००::१ असं सोपं सोपं घेऊ नका, सगळे तेच घेतात.

दुसरं म्हणजे नोडची माहिती. फ्रायफुंकमध्ये प्रत्येक गट आपल्या साइटवर एक जेसन फाईल (ठरलेल्या साच्यातला मजकूर) ठेवतो, त्यात गटाचं नाव, ठिकाण, संपर्क, कुठलं फर्मवेअर, कुठलं राउटिंग, नोडचा नकाशा कुठे आहे वगैरे, आणि एका ठिकाणी फक्त या सगळ्या फाईलींच्या लिंकांची यादी. मधे डेटाबेस नाही, मालक नाही. ज्याची माहिती त्याच्याकडे. नेटजेसन म्हणून पण एक प्रयत्न झाला, इटलीच्या निनक्स (तिथलं कम्युनिटी नेटवर्क) आणि ओपनविस्प (राउटर सांभाळायचं खुलं सॉफ्टवेअर) यांच्या बाजूने, राउटरची सेटिंग, नेटवर्कचा नकाशा, मोजमाप हे सगळं एका ठरलेल्या साच्यात लिहायचं, म्हणजे कुठलाही प्रोटोकॉल असला तरी नकाशा काढणारं सॉफ्टवेअर एकच चालेल. मला विचाराल तर कम्युनिटी नेटवर्कांनी स्वतः जी स्टँडर्डं केली त्यातली कामाची ही अशीच आहेत, रुक्ष, कंटाळवाणी.

आणि सगळ्यात जुनं आणि सगळ्यात लहान म्हणजे पिको पिअरिंग अ‍ॅग्रीमेंट. पानभर मजकूर आहे. माझ्या नोडवरून दुसऱ्याचा डेटा जाऊ देईन, त्यासाठी पैसे घेणार नाही, जाताना त्यात ढवळाढवळ करणार नाही. जोडायला लागणारी माहिती उघडी ठेवीन. सेवा चालूच राहील याची हमी देत नाही. माझ्या नोडच्या वापराच्या अटी मी ठरवीन, पण त्या वरच्या गोष्टी मोडणाऱ्या नकोत. आणि शेवटी स्थानिक बदलांना मोकळी जागा. यात एकाही प्रोटोकॉलचं नाव नाही! ओएलएसआर गेला, बॅटमॅन आला, पण कागद तोच आहे.

बॅटमॅनबद्दल एक इशारा. इथे नोड वाढत गेले तसं एका लेयर २ मधला नुसता गलबलाच इतका झाला की बऱ्याच गटांना आपलं नेटवर्क तुकड्यांत तोडावं लागलं. तुमच्या तीन वाड्यांचे आपोआपच तीन तुकडे आहेत, ते तसेच ठेवा म्हणून बिनतारी सांगतायत ते अगदी बरोबर.

पोलवाला

मी तालुक्याच्या ठिकाणी केबल आणि इंटरनेटचा धंदा करतो, म्हणजे तुमच्या हिशोबात विरोधी पक्ष. तरी बोलतो.

मेश मेश करून डोक्यावर घेऊ नका. एकाच रेडिओच्या राउटरवर ऐकायचं पण त्याच चॅनलला आणि पुढे ढकलायचं पण त्याच चॅनलला, म्हणजे प्रत्येक हॉपला (एका राउटरवरून दुसऱ्यावर उडी) स्पीड निम्मा. चार हॉप गेल्यावर काय उरतं तुम्हीच काढा. वाडीच्या आत ठीक आहे, घरं जवळ आहेत. वाडी ते वाडी मात्र ५ गिगाहर्ट्झचा डिश टाइप अँटेना समोरासमोर लावा, दोन टोकं एकमेकांना डोळ्याने दिसली पाहिजेत आणि नुसती रेघ दिसून भागत नाही, मधल्या पट्ट्यात माडाची झावळी पण नको. उन्हाळ्यात लिंक लावाल, एकदम टकाटक चालेल, आणि जूनमध्ये पानं वाढून ओली झाली की बसेल. पोफळीच्या बागेतून २.४ जात नाही पावसाळ्यात, ५ तर विसराच. सड्यावर एक पाइप उभारा आणि तिथून तिन्ही वाड्यांकडे टाका. त्या पाइपाचं अर्थिंग आधी, रेडिओ नंतर. कातळात अर्थिंग लागत नाही नीट, खड्डा खाली मातीपर्यंत न्यावा लागतो, तो खर्च कुणी धरत नाही आणि पहिल्या वळवाच्या विजेत सगळं जातं.

ती बाहेरची मोठी नावं पण तेच करतात. न्यूयॉर्कचं एनवायसी मेश नावाला मेश आहे पण आत ओएसपीएफ हा राउटिंग प्रोटोकॉल चालवतात, जो आमच्यासारखे आयएसपी (इंटरनेट देणारे) वापरतात. स्पेनच्या कॅटलोनियातलं गुइफी, २००४ ला ओसोनाच्या खेड्यांतून सुरू झालं कारण कंपन्या तिथे ब्रॉडबँड द्यायला तयार नव्हत्या, आज ३५ हजारांवर नोड, तिथे पण बीजीपी (तसाच आणखी एक प्रोटोकॉल) आणि ओएसपीएफ. आणि २००९ पासून त्यांनी शेतांतून स्वतःची फायबर टाकायला घेतली. म्हणजे वायरलेस प्रेम वगैरे काही नाही, जिथे जे चालतं ते.

गुइफीचं मला पटलेलं म्हणजे त्यांचा हिशोब. नेटवर्क सगळ्यांचं, कुणी पण जोडू शकतो, लायसनमध्ये तसं लिहिलंय. पण त्या नेटवर्कवर धंदा करायला आयएसपींना मनाई नाही. ज्याने केबल टाकली, ज्याने खांब उभे केले त्याची गुंतवणूक मांडतात, कुणी किती ट्रॅफिक वापरलं ते मांडतात, आणि ज्याने जास्त वापरलं नि कमी घातलं तो बाकीच्यांना देणं लागतो. २००८ पासून त्यांचं फाउंडेशन हे मधे बसून बघतं. पाटाच्या पाण्याच्या पाळीसारखं आहे, पाणी कुणाच्या मालकीचं नाही पण पाट काढायला कोण राबलं ते वहीत असतं. तुमच्याकडे ती वही आहे का? फायबरचं बिल कोण भरतं आज?

कातळावरचा

फायबरचं बिल एका दुकानदाराच्या नावावर आहे, आम्ही महिन्याला वर्गणी काढून त्याला देतो. मंडळाचं म्हणणं डबे आमचे आहेत तर वर्गणी कशाला. इथेच घोडं अडलंय.

कलमबाई

इथे थांबा जरा. वकील आहे, टेलिकॉमच्या बाजूचं थोडं काम बघते. हा सल्ला नाही, दिशा म्हणून घ्या.

रेडिओचं आधी. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे २००५ मध्ये लायसनमुक्त झाला, पण मोकाट नाही. ट्रान्समीटर १ वॉटपर्यंत, अँटेनासकट ४ वॉटपर्यंत, आणि अँटेनाची उंची इमारतीच्या छतापासून ५ मीटरच्या आत, असं त्या अधिसूचनेत आहे. ५ गिगाहर्ट्झमधला मोठा हिस्सा, सगळा मिळून ६०५ मेगाहर्ट्झ, २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये मोकळा झाला. त्यातल्या प्रत्येक पट्ट्याची पॉवरची मर्यादा वेगळी आहे. तेव्हा राउटरमध्ये देश निवडताना भारतच निवडा, जास्त पॉवर मिळते म्हणून दुसरा देश टाकायची जी चाल व्हिडिओत दाखवतात ती करू नका. आणि सड्यावरच्या त्या पाइपाची उंची व जागा यावर आधी बोला कुणाशीतरी, तिथे छत कुठलं आणि मोजायचं कुठून हा प्रश्न उभा राहतो.

आता इंटरनेट. नेटवर्क उभारून दुसऱ्याला सेवा द्यायची तर सरकारची परवानगी लागते हे तत्त्व १८८५ च्या तार कायद्यापासूनचं आहे आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही तेच पुढे आलंय. तुमचा विकिपीडिया नि भजनं गावातल्या गावात फिरतायत हा एक प्रकार. दुकानदाराच्या नावावरचं कनेक्शन वर्गणी काढून तीन वाड्यांत वाटणं हा वेगळा प्रकार, आणि तो पहिल्यापेक्षा जास्त नाजूक. आधी त्या कनेक्शनच्या अटी वाचा, घरगुती प्लॅन बाहेर वाटायला बहुतेक ठिकाणी मनाई असते.

यातून सरळ वाट म्हणजे पीएम-वाणी. डिसेंबर २०२० मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केलेली सार्वजनिक वाय-फायची योजना. त्यात पीडीओ म्हणजे वाय-फाय देणारा दुकानदार, त्याला लायसन नाही, नोंदणी नाही, फी नाही. त्याच्यावर पीडीओए, म्हणजे असे बरेच पीडीओ सांभाळणारा, त्याने दूरसंचार विभागाकडे नोंदणी करायची, वापरणाऱ्याची ओळख आणि हिशोब ही त्याची बाजू. तिसरा अ‍ॅपवाला. आणि सगळ्यांची नोंद ठेवणारी एक मध्यवर्ती रजिस्ट्री, ती सी-डॉट ही सरकारी संस्था चालवते. हे चारही एकमेकांशी ठरलेल्या साच्यात बोलतात, म्हणजे खरं तर हेही एक ओपन स्टँडर्डच, एकाचं अ‍ॅप दुसऱ्याच्या हॉटस्पॉटवर चाललं पाहिजे या हिशोबाने केलेलं. शिवाय जून २०२५ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकाने आदेश काढला की २०० एमबीपीएसपर्यंतचा घरगुती फायबर प्लॅन पीडीओला द्यायचा तर त्याचा दर ग्राहकाच्या दराच्या दुपटीपेक्षा जास्त लावता येणार नाही. त्याआधी पीडीओच्या गळ्यात महागडी लीज्ड लाइन (एकट्यासाठी राखलेली लाइन) मारायचे. तुमच्या दुकानदाराला पीडीओ करा, मागचा मेश तसाच राहू दे.

बर्लिनकर

कलमबाई, हे वाचून इथलं आठवलं. जर्मनीत कितीतरी वर्षं कायदा असा होता की तुमच्या वाय-फायवरून दुसऱ्याने काही बेकायदा डाउनलोड केलं तर नोटीस तुम्हाला. त्यामुळे फ्रायफुंकच्या लोकांनी ट्रॅफिक व्हीपीएनने परदेशातून फिरवलं. २०१७ ला कायदा बदलला तेव्हा कुठे मोकळे झाले. राउटिंगच्या प्रोटोकॉलपेक्षा या एका गोष्टीने त्यांच्या नेटवर्कचा आकार जास्त ठरवला.

हॅमकाका

मंडळी, नमस्कार. मी वयाने मोठा आहे आणि रेडिओवाला आहे, तेव्हा थोडं वेगळं बोलतो.

निसर्ग वादळ ३ जून २०२० ला श्रीवर्धनच्या बाजूला धडकलं तेव्हा रायगड-रत्नागिरीच्या कितीतरी गावांत वीज आणि फोन दोन्ही गेले. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते, आणि जुलैत चिपळूणचा पूर. अशा वेळी तुमचा वाय-फायचा मेश किती तास चालणार? बॅटरी असेल तेवढा. म्हणून त्याच्या जोडीला लोराचे (कमी विजेत लांब जाणारा रेडिओ) छोटे नोड ठेवा असं माझं म्हणणं आहे. मेशटॅस्टिक नावाचं मोफत फर्मवेअर आहे, भारतासाठी ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा त्यात आधीच दिलेला आहे आणि तो पट्टाही लायसनमुक्त आहे. लहानशा सोलर पॅनेलवर नोड चालतो. सड्यावर एक ठेवला तर तिन्ही वाड्या बहुधा येतील. स्पीड मात्र सेकंदाला हजारेक बिट, म्हणजे फक्त मजकूर. एका निरोपात सव्वादोनशेच्या आसपास बाइट बसतात आणि देवनागरीचं प्रत्येक अक्षर, काना, मात्रा, अनुस्वार तीन तीन बाइट खातं, म्हणजे मराठीत पाऊणशे खुणांत निरोप संपवायचा. जुन्या तारेसारखं लिहा.

आता ओपन स्टँडर्डच्या दृष्टीने यातली मेख सांगतो. मेशटॅस्टिकचं सॉफ्टवेअर खुलं आहे, पण खालचं लोरा हे मॉड्युलेशन (डेटा रेडिओ लहरीवर चढवायची पद्धत) सेमटेक कंपनीचं आहे, खुलं नाही. आणि वरच्या बाजूला आता मेशकोअर म्हणून दुसरं आलंय, तोच डबा, तीच लोराची चिप, पण मेशटॅस्टिकशी बोलत नाही. आपल्याकडे हौशी मंडळी आत्ताच दोन गटांत विभागली जातायत. तेव्हा तालुक्यात एकाने जे घेतलं तेच सगळ्यांनी घ्या, कुठलं चांगलं हा वाद नंतर घाला. मेशटॅस्टिकमध्ये हॉपची मर्यादा मुळात ३ असते, वाढवून ७ पर्यंत जाते. ती उगाच वाढवू नका, प्रत्येक नोड निरोप पुन्हा ओरडतो आणि हवा भरून जाते.

लायसन काढून हॅमचा (हौशी रेडिओचा) मेश करायचाही मार्ग आहे, अमेरिकेत एआरईडीएन म्हणून मोठं काम आहे. पण हॅमवर सांकेतिक काही पाठवायचं नाही आणि धंदा करायचा नाही, मग तुमचं बँकिंग, तुमचं व्हॉट्सअ‍ॅप काहीच चालणार नाही. गावासाठी नको.

बिनतारी

काकांचा सेमटेकचा मुद्दा महत्त्वाचा आहे. खुलं म्हणजे नक्की किती थर खुले हे प्रत्येक वेळी विचारायला हवं. वाय-फायमध्ये पण चिपच्या आतलं फर्मवेअर बहुतेकदा बंदच असतं, वरचं लिनक्स खुलं.

आणि तुमच्या इंजिनिअरिंगवाल्याला खरंच स्टँडर्डमध्ये हात घालायचा असेल तर वाट आहे. आयईटीएफला मेंबरशिप नसते, मेलिंग लिस्टवर कुणीही जाऊन बोलू शकतो, बेबेल तसाच मोठा झाला. कम्युनिटी नेटवर्कांवर आरएफसी ७९६२ आहे, २०१६ चा, कुठल्या प्रकारची नेटवर्कं जगात आहेत आणि त्यांचं तंत्र, मालकी, पैसा कसा चालतो त्याचं वर्गीकरण. तो आधी वाचायला लावा. आपल्या बाजूला आयआयटी मुंबईचं ग्राममार्ग आहे, पालघरच्या काही गावांत त्यांनी टीव्हीच्या रिकाम्या यूएचएफ पट्ट्यातून लांबच्या लिंक चालवून दाखवल्या, झाडीतून हा पट्टा वाय-फायपेक्षा कितीतरी बरा जातो. तो आपल्याला सध्या वापरता येत नाही, लायसन लागतं. पण त्याच लोकांनी पुढे ग्रामीण ब्रॉडबँडच्या आर्किटेक्चरचं काम आयईईईच्या वर्किंग ग्रुपमध्ये नेलं. म्हणजे इथल्या गावातलं काम स्टँडर्डपर्यंत जातं. फक्त आधी काम, मग कागद.

कातळावरचा

सगळ्यांचं वाचून काल तिन्ही वाड्यांची पोरं, दुकानदार आणि मंडळाचे एक काका (व्हिडिओ कॉलवर, सड्यावरून 😄) बसलो. प्रोटोकॉल लिहायचा बेत रद्द, इंजिनिअर नाराज आहे पण त्याला नेटजेसनचा नकाशा करायला दिलाय. एक कच्चा कागद झालाय, बघा जरा:

«तिन्ही वाड्यांचं नेटवर्क आपापल्या ताब्यात राहील. वाडीच्या आत कुठलं सॉफ्टवेअर वापरायचं ते ती वाडी ठरवेल. काठावरच्या राउटरवर बेबेल चालेल. पत्त्यांचा तक्ता शाळेच्या भिंतीवर आणि सर्व्हरवर दोन्हीकडे राहील, आणि तक्त्यात नाव नसलेला तुकडा कुणी वापरायचा नाही. दुसऱ्या वाडीचा गावातल्या गावातला डेटा कुणी अडवायचा नाही, बघायचा नाही, त्याचे पैसे घ्यायचे नाहीत. इंटरनेटचे पैसे वेगळे, ते पीडीओकडे वापराप्रमाणे. ज्याच्या घरावर नोड आहे त्याने वीज द्यायची, त्याबदल्यात त्याची वर्गणी माफ. नवीन वाडी किंवा गाव हा कागद मान्य करत असेल तर जोडायला नाही म्हणायचं नाही.»

सड्यावरच्या पाइपाचं अजून लिहिलेलं नाही.

पोलवाला

कागद बरा आहे. दोन गोष्टी घाला. घर विकलं, माणूस मुंबईला गेला, भावाभावांत वाटणी झाली तर छपरावरचा नोड कुणाचा? वाडीचा असं स्पष्ट लिहा, नाहीतर राउटर कपाटात जातो. दुसरं, फर्मवेअरचा पासवर्ड एकाच पोराकडे असेल तर तो नोकरीला गेला की संपलं, तिन्ही वाड्यांत एकेकाकडे द्या, बंद पाकिटात. आणि «वापराप्रमाणे» म्हणजे काय, जीबीवर की माणशी? गणपतीत भांडण नको असेल तर त्या दहा दिवसांचा दर आत्ताच ठरवा, मंडळाच्या त्या काकांना विचारून, कारण तेव्हा जास्त वापरणारे त्यांचेच लोक.

कलमबाई

«बघायचा नाही» हे चांगलं लिहिलंत. पण पीडीओएच्या बाजूने वापरणाऱ्याची जी नोंद कायद्याने ठेवावी लागते तिला कागदात अपवाद म्हणून लिहा, नाहीतर कागदच पहिल्या दिवशी मोडेल. गावातल्या सर्व्हरवर कोण कधी काय बघतं याची नोंद मात्र ठेवूच नका, ती ठेवायची तुम्हाला गरज नाही.

कातळावरचा

दोन्ही घालतो. पाकिटाची आयडिया भारी.

एक बारीक प्रश्न, वाय-फायचं नाव तिन्हीकडे सारखं ठेवावं का? आणि ते मराठीत ठेवता येतं का, पोरांना «संगमेश्वर गावजाळं» असं हवंय.

बिनतारी

मराठीत ठेवता येतं, पण एसएसआयडीला (वाय-फायच्या नावाला) ३२ बाइटची मर्यादा आहे आणि वर काकांनी सांगितलं तसं देवनागरीचं एक एक चिन्ह तीन बाइटचं. नुसतं «संगमेश्वर» हेच २७ बाइट होतं. «गावजाळं» २१, तेवढंच ठेवा, म्हणजे मागे वाडीचा नंबर लावायला पण जागा राहते. काही जुन्या फोनवर चौकोन दिसतील. सारखं नाव वाडीच्या आतच ठेवा. वाडी बदलली की आयपीचा तुकडा बदलतो, त्यामुळे तिन्हीकडे एकच नाव ठेवलंत तर फोन हद्दीवर जुना पत्ता धरून बसतो आणि लोक म्हणतात नेट गेलं. राउटरचं होस्टनेम (नेटवर्कवरचं नाव) मात्र इंग्रजी लिपीतच द्या, तिथे देवनागरी चालत नाही.